क्लेमंट ॲटली: फाळणीवाला की दवाखानेवाला?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी लंडनच्या पूर्व भागात, माइल एंडला राहतो. घरापासून दहा मिनिटांवर क्वीन मेरी विद्यापीठाचं आवार आहे. तिथे क्लेमंट ॲटलींचा, म्हणजे भारत स्वतंत्र झाला तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधानांचा, ब्राँझचा पुतळा आहे. आधी तो लाइमहाउसच्या वाचनालयासमोर होता. तिथे त्याची बरीच मोडतोड झाली, म्हणून २०११ साली इकडे आणून बसवला. शेजारीच पीपल्स पॅलेसची इमारत आहे. १९४५ च्या निवडणुकीत त्यांच्या मतदारसंघाची मतमोजणी तिथेच झाली होती.

मागच्या महिन्यात आई-बाबा आले होते. बाबा कराडचे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. पुतळ्याखालचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे फाळणीवाला ना हा?" मी हो म्हटलं आणि आम्ही पुढे गेलो.

चार दिवसांनी बाबांना खोकला झाला. इथल्या दवाखान्यात घेऊन गेलो. बाईंनी छाती तपासली, घसा पाहिला, औषध लागणार नाही, गरम पाणी पीत राहा म्हणाल्या. बाहेर आल्यावर बाबा पाकीट काढून काउंटरपाशी उभे. "पैसे कुठे भरायचे?" मी म्हटलं, तपासणीचे पैसे नाहीत इथे. बाबांना ते पटेना. पाकीट हातात धरून ते तसेच थांबले. म्हणाले, "अरे, मी जन्मभर केसपेपर फाडलेत. कुठेतरी पावती असेलच." शेवटी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि सांगितलं, हे त्या पुतळ्यावाल्याच्याच सरकारचं काम, ५ जुलै १९४८ पासून असंच चालू आहे.

रात्री जेवताना ते म्हणाले, "मग आपण या माणसाला काय म्हणायचं?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहा. ज्यांच्या घरात यातलं काही घडलंय त्यांनी तर जरूर लिहा.

कोरा_कागद
छान विषय. वाचतेय. पुढच्या प्रतिसादांची वाट पाहते.

इतिहासवेडी
माझ्या आवडत्या माणसावर कोणीतरी धागा काढला! मोठा प्रतिसाद होणार, आधीच सांगते.

ॲटली मूळचे गरिबांचे पुढारी नव्हेत. जन्म १८८३ चा, लंडनच्या पटनी भागातला. वडील सॉलिसिटर, घर खाऊनपिऊन सुखी. शाळा हेलिबरी. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी पूर्वी जिथे तयार होत, त्याच आवारातली ही शाळा. पुढे ऑक्सफर्ड, मग बॅरिस्टर. ऐन विशीत ते विचाराने साम्राज्यवादी होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

बदल झाला स्टेपनीत. १९०५ साली एका संध्याकाळी ते तिथल्या मुलांच्या क्लबात गेले. गोदीकामगारांची, हमालांची मुलं तिथे येत. आठवड्यातून एक संध्याकाळ जाणारा माणूस पुढे तिथला व्यवस्थापक होऊन तिथेच राहायला गेला. १९०८ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत नाव घातलं. पुस्तकं वाचून समाजवादी झालेले खूप असतात. हे गल्लीत राहून झाले.

पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला होते. सुव्हलाच्या किनाऱ्यावरून सैन्य काढून घेतलं तेव्हा अगदी शेवटी निघालेल्या दोघातिघांत ते होते. मग मेसोपोटेमियात जखमी झाले. परत आले ते मेजर ॲटली होऊन. १९१९ साली स्टेपनीचे महापौर, १९२२ साली लाइमहाउसचे खासदार. १९३५ मध्ये मजूर पक्षाचे नेते झाले आणि २० वर्षं राहिले. चर्चिलच्या युद्धकाळातल्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान. जुलै १९४५ मध्ये ३९३ जागा घेऊन पंतप्रधान.

सहा वर्षांत काय केलं ते पाहा. कोळसा खाणी, रेल्वे, वीज, गॅस, बँक ऑफ इंग्लंड सरकारी मालकीची. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांसाठी राष्ट्रीय विमा. आरोग्यसेवा. नवी गावं, सुमारे दहा लाख घरं, राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, गरिबांना कायद्याची मदत. आणि भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, श्रीलंका स्वतंत्र. २००४ साली ब्रिटनमधल्या प्राध्यापकांना विसाव्या शतकातला सर्वांत यशस्वी पंतप्रधान विचारला तेव्हा त्यांनी चर्चिलच्या आधी ॲटलींचं नाव घेतलं होतं.

बॅरेकवाला
ताई, तुमच्या यादीत "भारत, पाकिस्तान" अर्ध्या ओळीत आलं. आमच्या घरात ते अजून संपलेलं नाही, म्हणून लिहितो.

मी सिंधी. शाळा मराठी, त्यामुळे लिहितो मराठीत. वाढलो उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही युद्धकाळातली कल्याणची लष्करी छावणी. सिंधमधून आलेल्या लोकांना तिच्या बॅरेकीत ठेवलं आणि १९४९ साली गावाचं नाव उल्हासनगर झालं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, त्यानंतर आजोबा बोटीने मुंबईला उतरले. एका लांबलचक बॅरेकीत अनेक कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. आजी शेवटपर्यंत पत्ता सांगताना आधी बॅरेकचा नंबर सांगायची, गल्लीचं नाव नंतर.

आजोबांनी येताना सोनंनाणं फारसं आणलं नाही. आणली ती उधारीची वही. कापडाचं दुकान होतं, कोणाकडून किती येणं आहे ते सगळं तिच्यात. लाल कापडी बांधणी, दोऱ्याने बांधलेली. परिस्थिती निवळली की वसूल करू, असं त्यांना खरंच वाटत होतं. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत लिहिलेली आहे, घरात आता कोणाला वाचता येत नाही. एकही रुपया वसूल झाला नाही.

आता मुद्दा. २० फेब्रुवारी १९४७ ला ॲटलींनी पार्लमेंटात सांगितलं, जून १९४८ पर्यंत सत्ता सोडतो. माउंटबॅटन आले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात १५ ऑगस्टची तारीख जाहीर झाली. दहा महिने अलीकडे! कायदा ४ जुलैला मांडला, १८ जुलैला राजाची सही. रॅडक्लिफ यापूर्वी कधी भारतात आले नव्हते, त्यांना सीमा आखायला पाच आठवडे. आणि रेषा जाहीर केली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळाल्यावर. सव्वा कोटीहून जास्त माणसं हलली. मेलेल्यांचा आकडा कोणी दोन लाख सांगतो, कोणी दहा, कोणी वीस. या सगळ्यावर ॲटलींच्या मंत्रिमंडळाची मंजुरी होती. दवाखाने चांगले बांधले असतील. पण माझ्या आजोबांनी विचारलं असतं, साहेब, जरा दमाने का नाही घेतलं?

कोरा_कागद
@बॅरेकवाला, त्या वहीबद्दल वाचून गप्प बसले.

परळकर
बॅरेकवाला भाऊंशी सहमत. वर जोडतो की ॲटलींनी स्वातंत्र्य "दिलं" ही भाषाच मला मान्य नाही. घ्यावं लागलं ते. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी बंड केलं. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, आणि वर आझाद हिंद सेनेच्या खटल्यांचा राग. २२ तारखेला गिरण्या बंद ठेवून आख्खा गिरणगाव रस्त्यावर उतरला. लष्कर आलं, दोनशेच्या वर माणसं मेली. आमच्या परळमध्ये कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. माझे आजोबा तेव्हा साच्यावर कामाला होते. ते सांगायचे, चाळीच्या जिन्याखाली पोरांना कोंबून बायका दारात उभ्या राहिल्या होत्या.

आणि बंड पेटल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, ॲटलींनी कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला मंत्र्यांचं शिष्टमंडळ, जाहीर केलं. हा योगायोग समजायचा का?

इतिहासवेडी
परळकर, आजोबांची आठवण मोलाची आहे, तिला हात लावत नाही. पण १९ तारखेचा संबंध तसा जुळत नाही. मिशन पाठवायचं लंडनमध्ये जानेवारीतच ठरलं होतं. बंडाचा परिणाम झाला तो पुढच्या सगळ्या हालचालींच्या वेगावर. देशी सैन्याच्या जोरावर आता राज्य करता येणार नाही, हे लंडनला त्या आठवड्यात कळून चुकलं. श्रेय द्यायचं तर तिथे द्या, आणि भरपूर द्या.

बॅरेकवाला, तुमच्या प्रश्नाचं मला जमेल तसं उत्तर. तारीख अलीकडे ओढली माउंटबॅटननी, लंडनने मान डोलावली. म्हणून जबाबदारी ॲटलींचीही, यात शंका नाही. पण दमाने घ्यायला त्यांच्या हातात काय होतं तेही पाहा. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्ता पेटलं, मग नौखाली, बिहार. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी. माउंटबॅटनच्या आधीचे व्हाइसरॉय वेव्हलनी टप्प्याटप्प्याने सैन्य मागे घेत बाहेर पडायची योजना दिली होती, ती ॲटलींनी फेटाळली. कारण ती पळून जाण्यासारखी होती, मागे कोणाच्या हाती कारभार देणार याचं उत्तर तिच्यात नव्हतं. मला त्यांचा दोष दिसतो तो तारखेपेक्षा बंदोबस्तात. पंजाबात सीमादल उभं केलं ते अगदीच तोकडं. रेषा दोन दिवस दडवून ठेवली. त्याला माझ्याकडेही समर्थन नाही.

सातबारा
ती व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट खरी का हो? ॲटली म्हणे कलकत्त्यात सांगून गेले, आम्ही सुभाषबाबूंमुळे गेलो, गांधीजींचा प्रभाव अगदी किरकोळ.

इतिहासवेडी
@सातबारा, ती गोष्ट न्यायमूर्ती पी. बी. चक्रवर्ती यांच्या पत्रातली आहे. १९५६ साली ते पश्चिम बंगालचे हंगामी राज्यपाल होते आणि ॲटली तेव्हा कलकत्त्याच्या राजभवनात उतरले होते. पत्र मात्र १९७६ चं, म्हणजे २० वर्षांनंतरच्या आठवणीवरून लिहिलेलं, ॲटली वारल्यावर नऊ वर्षांनी. दोघांतलं खासगी बोलणं, तिसरा साक्षीदार नाही. चक्रवर्तींना खोटं पाडायचं नाही मला, पण एवढ्याशा धाग्यावर आख्ख्या स्वातंत्र्यलढ्याचा निकाल लावता येत नाही. ॲटलींनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आत्मचरित्रात असं काही नाही.

महाडकर
सायमन कमिशनबद्दल अजून कोणी कसं लिहिलं नाही? सात गोऱ्या सदस्यांत मेजर ॲटली एक होते. ३ फेब्रुवारी १९२८ ला मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा समोर काळे झेंडे आणि "सायमन, परत जा". घोषणा युसुफ मेहेरअलींची. लाहोरला लाला लजपतराय लाठीमारात जखमी झाले, नोव्हेंबरात गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकात एवढ्यावर धडा संपतो.

पण त्याच कमिशनपुढे २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात बाबासाहेबांनी साक्ष दिली. आम्हाला हिंदूंपासून वेगळा अल्पसंख्य समाज धरा, प्रौढ मतदान द्या, राखीव जागा द्या, अशा मागण्या. तेव्हा प्रौढ मतदान मागणारे फार थोडे होते. बहिष्काराच्या गदारोळात सरकारच्या दप्तरात आमची बाजू लेखी नोंदवून घेणारं ठिकाण ते कमिशन होतं, हेही इतिहासात धरायला हवं.

म्हणून १९४६ ची गोष्ट जास्त लागते. कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांना स्वतंत्र घटक मानलंच नाही. बाबासाहेबांनी थेट पंतप्रधान ॲटलींना पत्र लिहिलं, निवडणुकीतल्या प्राथमिक फेऱ्यांचे आकडे मांडून दाखवलं की त्यांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या मागे समाज उभा आहे. ॲटलींचं उत्तर आलं ते सभ्य, पण मिशनचीच बाजू घेणारं. बाबासाहेब त्या वर्षी लंडनलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. स्टेपनीच्या गल्लीत गरिबी पाहून ज्याचं मन पालटलं, त्याला महारवाड्याची बाजू समजायला हवी होती, असं मला वाटतं. तिथे ते कमी पडले.

इतिहासवेडी
महाडकर, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा. सहमत. फक्त एक जोडते. सायमन कमिशनमुळे ॲटलींना भारताची चटक लागली असं म्हणता येईल. १९३३-३४ च्या पार्लमेंटच्या संयुक्त समितीत वसाहतीचं स्वराज्य द्या असा वेगळा मसुदा त्यांनी मांडला. १९३८ च्या जूनमध्ये मजूर पक्षाच्याच क्रिप्सच्या घरी नेहरू आणि ते एकत्र बसले, सत्ता कशी सोपवायची यावर दोन दिवस बोलणं झालं. सत्तेवर आल्यावर भारत हा विषय त्यांनी भारतमंत्र्यांवर सोडला नाही, स्वतःच्या हाती ठेवला. ब्रिटिश पंतप्रधानांत भारताची इतकी माहिती असलेला दुसरा मला सापडत नाही.

पैसापाणी
जरा इंग्लंडातल्या लोकांचंही बोलू. युद्धात पाव कधी रेशनवर नव्हता. ॲटलींच्या राज्यात जुलै १९४६ ला तो रेशनवर गेला, दोन वर्षं होता. १९४७ ला बटाटेसुद्धा. त्या हिवाळ्यात बर्फाने कोळशाच्या गाड्या अडकल्या, कारखाने बंद, घरात वीज तासावर. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं आणि त्याच्या अटीप्रमाणे जुलै १९४७ मध्ये पौंड डॉलरमध्ये बदलून घ्यायला मोकळा केला, तर महिन्याभरात तिजोरी रिकामी व्हायला आली. पुन्हा बांध घालावा लागला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. ते कर्ज फिटलं कधी? २००६ च्या डिसेंबरअखेर!

तारखा जुळवून पाहा. भारत सोडायची सगळ्यात जास्त घाई झाली ती १९४७ च्या याच उन्हाळ्यात. घर चालवायला पैसा नाही, तर दूरच्या वाड्याला पहारेकरी कुठून ठेवणार? बॅरेकवाला, हे समर्थन नाही, कारण सांगतोय. माझं मत असं की खाणी आणि पोलाद सरकारी करण्यात त्यांनी वेळ आणि पैसा दोन्ही घालवले. आरोग्याला मात्र माझा विरोध नाही.

अर्धाकप
थोडं अवांतर, क्षमस्व. माझ्या वाचनात आलेल्या ॲटलींच्या गोष्टी अशा:

पंतप्रधानांच्या घरी बातम्यांची तार छापणारं यंत्र बसवायला ते तयार नव्हते. प्रसिद्धी अधिकाऱ्याने सांगितलं, यावर क्रिकेटचा धावफलक येतो. लगेच बसवलं. पुढे ते त्याला क्रिकेटचं यंत्रच म्हणत.

प्रचाराला निघत ते घरच्या छोट्या गाडीतून. चालवायच्या त्यांच्या पत्नी व्हायोलेटबाई, आणि त्यांचं चालवणं असं की बसलेल्याने जीव मुठीत धरावा. साहेब शेजारी पाइप ओढत शब्दकोडं सोडवायचे.

आणि हॅरॉल्ड लास्की. पक्षाचे अध्यक्ष, नुसती पत्रांवर पत्रं आणि भाषणांवर भाषणं. १९४५ साली ॲटलींनी त्यांना कळवलं की आपण काही काळ गप्प राहिलात तर बरं होईल.

सातबारा
ते शेवटचं वाक्य काही धाग्यांवर चिकटवून ठेवावं असं आहे.

अर्धाकप
@सातबारा, ॲटली इथे असते तर त्यांचा प्रतिसाद "नाही." एवढाच आला असता, आणि धागा तिथेच मिटला असता.

जुना_वैद्य
उशिरा आलो. मिरजेला शिकलो, १९७४ साली इकडे आलो, वेल्समधल्या कोळसाखाणीच्या खोऱ्यात २९ वर्षं गावचा डॉक्टर होतो. गोऱ्या डॉक्टरांना त्या खोऱ्यांत यायचं नसे, म्हणून आमच्यासारख्यांना जागा मिळाली. आजूबाजूच्या गावांत माझ्यासारखे कितीतरी होते, भारतातले, पाकिस्तानातले, श्रीलंकेतले. ॲटलींच्या सरकारने काढलेली आरोग्यसेवा ॲटलींच्या सरकारने सोडलेल्या देशांतल्या डॉक्टर-नर्सांनी पुढे चालवली, हे मी स्वतः पाहिलंय.

तुम्हाला एक वस्तू दाखवतो. पूर्वी प्रत्येक रोग्याची कागदपत्रं एका बदामी लिफाफ्यात असत. हातात मावेल एवढा जाड कागदाचा लिफाफा, तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या विम्याच्या काळापासूनचा नमुना, म्हणून नावही त्यांचंच. आत घडी घातलेली कार्डं. मी दवाखाना घेतला तेव्हा लोखंडी कपाटात असे हजारो होते. पहिल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी ते चाळत बसायचो, गाव कळावं म्हणून.

म्हाताऱ्या खाणकामगारांच्या लिफाफ्यात विसाव्या-तिसाव्या वर्षापासूनच्या नोंदी. हाड मोडलं, छातीत धूळ, पुन्हा धूळ. खोऱ्यात त्या रोगाला नुसतं "डस्ट" म्हणत. "डॉक्टर, मला डस्ट आहे." त्यांच्या बायकांचे लिफाफे उघडले की पहिली नोंद जुलै १९४८, नाहीतर ऑगस्ट १९४८. एकामागून एक, सगळ्या बायकांच्या. त्याआधीचं काहीच नाही, जणू त्या वर्षीच जन्मल्या. कारण १९११ चा विमा कमावत्या माणसाचा. बायको आणि पोरं त्यात नव्हती.

माझ्याकडे एक आजीबाई यायच्या, तेव्हा ऐंशीच्या जवळ. पाचवं मूल झाल्यावर त्यांचं अंग बाहेर यायला लागलं होतं. अकरा वर्षं त्यांनी फडकं बांधून, तसंच खाली बसून फरश्या पुसल्या, नवऱ्याला न्हाणीचं पाणी तापवून दिलं. डॉक्टरचे पैसे पोरांसाठी ठेवायचे, स्वतःसाठी नाही. १९४८ च्या जुलैत शेजारणीबरोबर त्या दवाखान्यात गेल्या. बाहेर रांग होती, आणि रांगेत बहुतेक बायकाच होत्या. कार्डावर जुन्या डॉक्टरच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, तारीख, निदान आणि "११ वर्षे". त्या दोन ओळी मी अनेकदा वाचल्या आहेत.

आता ॲटलींचं काम यात काय? योजना अन्यूरिन बेव्हनची. बेव्हन त्याच भागातले, ट्रेडेगरचे, खाणकामगाराचा मुलगा. तिथे कामगारांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती, तीच कल्पना देशाला लावली. युद्धकाळात बेव्हननी सरकारवर इतकी टीका केली होती की दुसऱ्या कोणी त्यांना मंत्रिमंडळाच्या दारात उभं केलं नसतं. ॲटलींनी त्या मंत्रिमंडळातल्या सगळ्यात तरुण माणसाला आरोग्यखातं दिलं. दुसरे ज्येष्ठ मंत्री मॉरिसन म्हणत होते रुग्णालयं नगरपालिकांकडेच ठेवा. वाद मंत्रिमंडळात आला, ॲटली बेव्हनच्या बाजूने उभे राहिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं, नव्वद टक्क्यांच्या आसपास डॉक्टर विरोधात. तरी तारीख हलली नाही. माणूस निवडायचा आणि मग त्याच्या मागून हलायचं नाही, हे त्यांचं कसब.

महाडकर
डॉक्टर, साष्टांग नमस्कार. ते "११ वर्षे" विसरता येणार नाही.

पैसापाणी
जुना_वैद्य काका, प्रतिसाद साठवून ठेवला. फक्त इतिहास पुरा व्हावा म्हणून: १९५१ मध्ये कोरियातल्या युद्धाचा खर्च आला आणि अर्थमंत्री गेट्सकेलनी कवळ्यांवर आणि चष्म्यांवर निम्मा आकार लावला. बेव्हननी राजीनामा दिला, बरोबर हॅरॉल्ड विल्सननीही. ॲटली तेव्हा आजारी, रुग्णालयात. पक्षात पडलेली ती फट बरीच वर्षं बुजली नाही.

परळकर
अजून दोन गोष्टी नोंदवू द्या. जानेवारी १९४७ मध्ये अणुबाँब बनवायचा निर्णय मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त समितीत झाला, पूर्ण मंत्रिमंडळालाही सांगितलं नाही. आणि भारत सोडणाऱ्या याच सरकारने १९४८ मध्ये मलायात आणीबाणी लावली, कारण तिथलं रबर आणि कथील डॉलर मिळवून देत होतं. बेचुआनालँडच्या (आजचं बोट्सवाना) सेरेत्से खामांनी गोऱ्या मुलीशी लग्न केलं म्हणून १९५० साली त्यांना त्यांच्याच मुलखातून हद्दपार केलं. स्वातंत्र्याचं तत्त्व होतं तर ते सगळीकडे का नाही?

इतिहासवेडी
तिन्ही गोष्टी खऱ्या. खामांची तर मला फार लाज वाटते, ॲटलींची चाहती म्हणून. बचाव करणार नाही.

त्यांच्या शेवटाबद्दल सांगते. १९५१ मध्ये मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मतं पडली, हुजूर पक्षाला १ कोटी ३७ लाख. तरी जागा २९५ विरुद्ध ३२१, आणि ॲटली गेले. तक्रार केली नाही. १९६७ च्या ऑक्टोबरात वारले तेव्हा मागे ठेवलेली मालमत्ता ७,२९५ पौंडांची. चर्चिलसमोर कोणीतरी त्यांच्याच नावावर खपणारा ॲटलींवरचा विनोद सांगितला होता, रिकामी टॅक्सी थांबली आणि ॲटली उतरले. चर्चिलचा चेहरा उतरला. असं मी कधी बोललो नाही, ॲटली प्रामाणिक आणि शूर गृहस्थ आहेत, असं त्यांनी सुनावलं.

बॅरेकवाला
सगळं वाचलं. डॉक्टरांच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करतोय.

माझं मत बदललं नाही. रेषा दोन दिवस दडवली, हे इतिहासवेडी ताईंनी कबूल केलं, मला तेवढं पुरेसं आहे. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या आजीलाही तोच त्रास होता. बॅरेकीत, गोणपाटाच्या पडद्यामागे. आईने मला हे आत्ता सांगितलं, डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर. तिच्यासाठी १९४८ साली कोणी कार्ड उघडलं नाही. वेल्समधल्या त्या आजींना मिळालं याचा मला आनंद आहे, खरंच आहे. आमच्या आजीला तेच सरकार कसं भेटलं, तेही त्याच हिशोबात लिहा.

जुना_वैद्य
बॅरेकवाला, लिहिलं. कॅम्प चारला येणं झालं तर तुमच्या आईंना भेटायला येईन. आणि ती वही कोणाला तरी दाखवा. ती लिपी वाचणारी माणसं आता थोडी उरली आहेत, सिंधी मंडळींत विचारलं तर सापडतील.

बॅरेकवाला
या काका. वहीचं मनावर घेतो.

कृष्णाकाठ
धागाकर्ता म्हणून सगळ्यांचे आभार मानतो. काल रात्री बाबांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला, तासभर लागला. लिफाफ्यांच्या ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, आमच्या केंद्रातही बायकांचे केसपेपर बाळंतपणापासून सुरू व्हायचे, त्याआधीचं काही नसायचं. मग वही आली, बॅरेक आली, तेव्हा काही बोलले नाहीत.

शेवटी मी विचारलं, आता काय म्हणायचं या माणसाला? म्हणाले, "पुढच्या वेळी आलो की पुन्हा घेऊन चल तिथे. घाईत बघितला मी."